दीडशे ग्रेन

"चाळीस पौंडांची खेच म्हणतेस ना, मग बाणाला दीडशे ग्रेन वजनाचंच पातं ने. इतक्या हलक्या धनुष्यावर त्याहून हलकं पातं लावून हरणावर बाण सोडणं म्हणजे पाप आहे," व्हर्न सहज बोलून गेला आणि पाकीट काढायला काउंटरखाली वाकला. कोलेट पाव्लिक पर्स उघडत होती. तिचा हात पर्सच्या चेनवर तसाच राहिला. मिलवॉकीच्या पश्चिमेकडच्या त्या दुकानात ती वर्षातून एकदा, नवऱ्याच्या कामासाठी यायची. गॉर्डीचा उजवा खांदा उन्हाळ्यात दुखावला, आतला स्नायू फाटला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, शिकार करायचीच असेल तर धनुष्याची खेच, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, चाळीस पौंडांवर आणा, वर एक पौंड नको. म्हणून गॉर्डीने तिला सांगितलं होतं, दवाखान्यातल्या कामावरून येता येता व्हर्नकडे थांब, मला कोणती पाती लागतील ते त्याला ठाऊक आहे. इतकंच काम. तिने म्हटलं, "पण खेच कमी झाली तर पातं हलकं नको का? धनुष्याला झेपायला?"

"उलट गं." व्हर्न वर आला. सत्तरी ओलांडलेला माणूस, चष्मा कपाळावर. "हलका बाण सुसाट जातो, बघायला छान वाटतं. पण हाड आडवं आलं की संपला. जड बाण हळू जातो, पण जातो. जोरदार धनुष्य असलं तर एक वेळ हलकं पातं खपून जातं. धनुष्यच नरम असेल तर जडच पाहिजे. बायकांना मी नेहमी जडच देतो."

"नेहमी?"

"नेहमी म्हणजे दुकान काढल्यापासून. आणि मी काय सांगतोय, गॉर्डी स्वतः लोकांना हेच सांगत असतो इथे उभा राहून. कालसुद्धा फोनवर म्हणाला, व्हर्न, खेच उतरली, आता दीडशेशिवाय भागणार नाही."

तिने पाकीट घेतलं, व्हर्नला बरं वाटेल असं काहीतरी हवापाण्यावर बोलली आणि बाहेर येऊन गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. पाकिटातून एक पातं काढून तिने तळहातावर ठेवलं. तीन धारांचं, काळपट, बुडाशी आटे असलेलं. कितीतरी वर्षांपूर्वी गॉर्डीने तिच्या तळहातावर ठेवली होती ती पाती पंच्याऐंशी ग्रेनची होती. आकडा तिला पाठ होता, कारण त्या संध्याकाळचं सगळंच तिला पाठ होतं. तळघरातला पिवळा दिवा, कपड्यांच्या साबणाचा वास, आणि गॉर्डीने तिची बोटं एकेक करून पात्यांवर मिटली होती. म्हणाला होता, हलकी आहेत, तुझ्यासाठी हीच बरी. त्यानंतर तो तिच्याशी इतक्या हळुवारपणे फारसा वागला नव्हता, म्हणून असेल, ते बोटं मिटणं तिने जपून ठेवलं होतं. मोडून खायचं नाही असं ठरवलेल्या ठेवीसारखं. त्याच्याशी भांडण झालं, चार दिवस अबोला धरला, तरी शेवटी मन तिथे जाऊन टेकायचं: एकदा तरी याने माझ्या हातात काहीतरी विचार करून दिलं होतं. त्या वेळच्या पात्यात आणि या पात्यात फार तर दोन-तीन नाण्यांच्या वजनाचा फरक. इतक्याशा वजनाने काय होणार, असं तिलाच कुणी विचारलं असतं तर तीही हसली असती.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती तेव्हा. मूल होणार नाही हे कळून चुकलं होतं आणि त्याबद्दल बोलायचं नाही हेही न बोलता ठरलं होतं. सप्टेंबर लागला की गॉर्डी दर शनिवारी उत्तरेला लिऑनच्या रानात जायचा. लिऑन त्याचा कारखान्यातला सोबती. बापाकडून त्याला ओकची झाडं आणि एक दलदल असलेलं रान मिळालं होतं. घर शुक्रवारी संध्याकाळी रिकामं व्हायचं ते रविवारी रात्री भरायचं, तेही ओल्या लोकरीच्या आणि रॉकेलच्या वासाने. एका वर्षी ती म्हणाली, मी पण येते. गॉर्डी हसला, पण नाही म्हणाला नाही. तिने जुनं धनुष्य घेतलं, चाळीस पौंडांचं, आणि उन्हाळाभर परसातल्या गवताच्या भाऱ्यावर बाण मारले. हात चांगला बसला तिचा. जुलैमध्ये शेजारीण कुंपणाशी उभी राहून बघायची आणि म्हणायची, बाई गं, तुझ्या नवऱ्याने जपून राहावं. दोरी गालाला लागायची तो थंड स्पर्श, सोडल्यावर बोटांत राहणारी मुंगी, आणि बाण नेमका लागल्याचा तो बसका आवाज, हे तिचं स्वतःचं होतं. असं स्वतःचं तिच्याकडे तोवर काही नव्हतं.

आणि मग ती हरणाची मादी. ऑक्टोबरच्या सकाळी, मचाणाखालून, वाऱ्याकडे तोंड करून आली होती. कोलेटने श्वास सोडला, दोरी सोडली. बाण खांद्याच्या जरा मागे लागायला हवा होता. मादीने त्याच क्षणी पाऊल मागे घेतलं, आणि बाण खांद्याच्या फळीवर बसला. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. बाणाची दांडी उडून पाचोळ्यात पडली आणि मादी दलदलीकडे गेली. गॉर्डी आणि लिऑन दुपारपर्यंत माग काढत होते. पानांवर थेंब, मग थेंबाचा अर्धा, मग काहीच नाही. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम लागला तेव्हा लिऑनने ती मादी मारली. तीन पायांवर चालत होती म्हणे, खांदा सुजून कुजलेला, मांस फेकून द्यावं लागलं. हाडात पातं तसंच होतं, टोक वाकलेलं. गॉर्डीने ते पातं आणून शुक्रवारी मासे खायला जमतात त्या खानावळीत टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, बघा, माझ्या बायकोने हरणाला टाचणी टोचली. सगळे हसले. तीही हसली, कारण न हसणं अधिक वाईट दिसलं असतं. त्या दिवसापासून ती टाचणी झाली. टाचणी, मीठ दे. टाचणी, गाडी तू चालवणार की आम्ही जिवंत पोचायचं? यात द्वेष नव्हता. आवडत्या माणसालाच असली नावं ठेवतात असं ती स्वतःला सांगायची, आणि ते खरंही होतं. मात्र रानात ती पुन्हा गेली नाही. धनुष्य विकून टाकलं.

दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. दिवसातून दोन-तीन तरी खांदे समोर यायचे. माणसाला उभं करायचं, हात असा, हनुवटी तशी, श्वास रोखा. आणि पडद्यावर ती त्रिकोणी, पापडासारखी पातळ, कडेला जाड फळी उमटली की तिला ती दलदल आठवायची. ती मादी एका फळीवर महिनाभर चालली होती. तिचा दोष कोलेटने पूर्ण स्वतःवर घेतला होता, तसा घेण्याची तिला सवयच होती. ऐन वेळी आपला हात कच्चा पडतो, ही गोष्ट तिला स्वतःबद्दल कळली होती, आणि एकदा कळलेली गोष्ट ती विसरणाऱ्यांतली नव्हती. विभागाची प्रमुख म्हणून तिचं नाव आलं तेव्हा तिने नको म्हटलं. कारण विचारलं तर घरची अडचण सांगितली. घरची अडचण काहीच नव्हती. अडचण ही होती की कुणाचं तरी आयुष्य आपल्या एका निर्णयावर टांगलेलं असेल, आणि आपण टाचणी.

गाडी सुरू करून ती घराकडे निघाली. वाटेत तळ्याच्या बाजूने रस्ता जातो. तळं म्हणजे समुद्रच, पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी शिशासारखं होतं. तिच्या मनाने आता एक नवीनच वाट धरली होती आणि ती वाट, आश्चर्य म्हणजे, तिला आवडत होती. त्याने हे मुद्दाम केलं. त्याला ठाऊक होतं. शनिवार-रविवार त्याला एकट्याला हवे होते, बायकोचा हात चांगला आहे हे त्याने परसात पाहिलं होतं, आणि तो घाबरला. थंड डोक्याने डबा उघडला, हलकी पाती निवडली, माझी बोटं मिटली. तिला संताप येत होता, पण त्या संतापात ऊब होती. इतका विचार त्याने माझा केला होता तर. मला अडवायला त्याला डाव रचावा लागला. सिग्नलला उभी असताना तिने आरशात स्वतःकडे पाहिलं, आणि तिला त्या बाईचा हेवा वाटला जिच्याविरुद्ध नवऱ्याने डाव रचला होता.

गॉर्डी आरामखुर्चीत होता, उजवा हात गळ्यातल्या झोळीत, समोर टीव्हीवर सामना. "आणलीस?" त्याने डावा हात पुढे केला.

तिने पाकीट दिलं. कोट न काढता उभीच राहिली. "दीडशेची का रे? शंभरची का नाही?"

"खेच उतरली ना. खेच कमी तर पातं जड. शाळेतल्या पोरालाही कळतं." त्याने पाकीट नाकाशी धरून आकडा वाचला आणि मान हलवली.

"माझं धनुष्य किती पौंडांचं होतं?"

"कुठलं धनुष्य?"

"माझं. मी आले होते तेव्हाचं."

"असेल चाळीसचं. का?"

"तू मला पंच्याऐंशीची पाती दिली होतीस."

गॉर्डीने टीव्हीचा आवाज बंद केला. तो खरोखर आठवू पाहत होता, हे तिला दिसलं. कपाळावर तीच आठी, जी दुकानात कुठला स्क्रू हवाय ते आठवताना पडायची. मग आठी सुटली.

"हां, ती होय. ती डब्यात होती गं. धनुर्धाऱ्यांच्या क्लबात एका वर्षी फुकट वाटली होती सगळ्यांना, नमुना म्हणून. मला काय उपयोग त्यांचा? पडून होती. म्हटलं, तू वापर."

"तू म्हणाला होतास, हलकी आहेत, तुझ्यासाठी हीच बरी."

"म्हणालो असेन."

"हाड लागलं तर ती आत जाणार नाहीत, हे तुला माहीत होतं."

"माहीत म्हणजे, मी तेवढा विचारच केला नाही कोलेट." त्याचा आवाज समजुतीचा होता. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला लागतो तेवढा रस त्याला या विषयात नव्हता. "तू हरीण मारशील असं कुठे वाटलं होतं मला? म्हटलं, बसेल दोन शनिवार मचाणावर, थंडी वाजली की आपोआप बंद करील. त्यासाठी नवीन पाती कशाला? आता हे कुठून काढलंस मध्येच?"

"काही नाही. व्हर्न बोलत होता."

"व्हर्नला बोलायला काय," गॉर्डी म्हणाला आणि आवाज सुरू केला.

स्वयंपाकघरात तिने बटाटे सोलले. सोलताना तिला जाणवलं की आपण आपल्याच आत काहीतरी शोधत फिरतोय आणि ते सापडत नाही. डाव नव्हता. भीती नव्हती. त्या पिवळ्या दिव्याखाली तिची बोटं मिटणारा माणूस तेव्हा कशाचाही विचार करत नव्हता. डब्यातली अडगळ कमी करत होता. इतकी वर्षं आपल्या दोघांमध्ये एक गोष्ट घडलेली आहे असं ती धरून चालली होती, आधी मायेची, मग तासभर कपटाची, आणि तिथे काहीच घडलेलं नव्हतं. त्या मादीचा खांदा, खानावळीतलं हसू, नाकारलेली ती जागा, हे सगळं कुणाच्या तरी दुर्लक्षातून सांडलं होतं, पिशवीतून दाणे सांडावेत तसं. रागवायचं तर कुणावर? बटाट्याचे डोळे तिने नखाने टोकरून काढले. तो वाईट असता तर फार बरं झालं असतं.

हंगाम लागायच्या आदल्या आठवड्यात गॉर्डीने तळघरात धनुष्य ओढून पाहिलं. ती पायरीवर धुण्याची टोपली घेऊन उभी होती. तिला त्याने पाहिलं नाही. दोरी निम्म्यापर्यंत आली, त्याचा चेहरा पांढरा पडला आणि त्याने ती हळूच परत जाऊ दिली. पुन्हा ओढली. पुन्हा निम्म्यापर्यंत. मग तो जुन्या बाकावर बसला आणि खांदा धरून जमिनीकडे बघत राहिला. इतर कुठल्याही वर्षी ती खाली गेली असती, पाठीवर हात ठेवला असता. तिने टोपली घेतली आणि वर आली. जेवताना तो म्हणाला, यंदा नाही जात, लिऑनला सांगतो. ती म्हणाली, "मी जाते. तुझं धनुष्य नेते. माझ्या मापाला बसवून घेते व्हर्नकडून."

"तू?" घास तोंडात असतानाच तो हसला. "टाचणीबाई?"

"शिकारीचा परवाना काढलाय मी."

त्याने घास गिळला. "ने," तो म्हणाला. "नाहीतरी पडूनच राहणार आहे."

तीन आठवडे तिने रोज परसात सराव केला. हात विसरला नव्हता. बोटांना, गालाला सगळं ठाऊक होतं. जड बाण जरा लवकर खाली उतरायचा, तेवढा हिशेब धरायला ती शिकली. शनिवारी पहाटे ती एकटीच गाडी घेऊन उत्तरेला गेली आणि उजाडायच्या आत लिऑनच्या रानात मचाणावर चढली. थंडी बुटांतून वर येत होती. ओकची फळं पाचोळ्यावर पडत होती आणि दर पडण्याला तिला पावलाचा भास होत होता. उन्हं झाडांच्या निम्म्यापर्यंत उतरली तेव्हा खरी पावलं आली. मादी होती, भरल्या अंगाची, हिवाळ्याचा करडा रंग चढू लागलेली. ती थांबली, कान फिरवला, पुढचा पाय टाकला. कोलेटने दोरी गालापर्यंत आणली. आत कुठेतरी ती जुनी बाई म्हणत होती, ऐन वेळी तुझा हात. आणि हात मात्र स्थिर होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तिने बोटं सैल केली. बाण मादीच्या अंगातून आरपार जाऊन पलीकडे जमिनीत रुतला. मादीने एक उडी घेतली, थोडी धावली, थांबली, काहीतरी आठवल्यासारखी मान वळवली आणि बसली. मग आडवी झाली. कोलेटला वरून सगळं दिसत होतं. माग काढायची गरजच नव्हती.

खाली उतरून ती जवळ गेली. हातमोजा काढून जखमेत बोट घातलं. आत ऊब होती. बरगडीच्या कडेवरून पातं गेलं होतं. हाड सरळ चिरलं होतं, सुरीने कापावं तसं. तिची बोटं हाडं ओळखायची. तिथे गुडघे टेकून ती आनंदाची वाट बघत राहिली. आनंद आला नाही. मादीच्या डोळ्यांत झाडं दिसत होती आणि तिला फक्त इतकंच वाटत होतं की हे किती सोपं होतं. हे तेव्हाही इतकंच सोपं असतं. तिने मादीच्या मानेवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, "तुझं लवकर झालं." दुसरीला, आधीच्या मादीला, काय सांगावं ते तिला सुचलं नाही. मग बाह्या वर करून ती कामाला लागली, पोट उघडलं, आतडी बाजूला काढली, जसं तिने त्या जुन्या उन्हाळ्यात वाचून आणि एकदाच पाहून ध्यानात ठेवलं होतं. लिऑन ओढायला मदत करायला आला. त्याने जखम पाहिली, शीळ घातली. "गॉर्डीचं धनुष्य का?"

"हो."

"तरीच," लिऑन म्हणाला.

शुक्रवारी खानावळीत गर्दी होती. तळलेल्या माशांचा, ब्रँडीचा आणि ओल्या कोटांचा वास. गॉर्डी खुलला होता; महिनाभरात तो असा खुलला नव्हता. डावा हात हवेत फिरवत तो सांगत होता, "मी तिला सांगितलं, खेच नरम आहे, पातं जड पाहिजे. दीडशे. मुद्दाम मागवून घेतली मी व्हर्नकडून. माणसाला अर्धी शिकार घरी करावी लागते, पातं निवडताना. बाण काय, कुणीही सोडतं."

"मागच्या वेळी नाही निवडलंस ते?" कोलेट म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण टेबलावर सगळ्यांना ऐकू गेलं. "मागच्या वेळी याने मला फुकट वाटलेली पाती दिली होती. डब्यात पडलेली. पंच्याऐंशीची. म्हणून ती हाडात अडकली. याला तेव्हाही माहीत होतं काय लावायला हवं ते."

क्षणभर सगळ्यांनी गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी ताटाकडे बघत होता. मग लिऑनच्या नाकातून आवाज आला, त्याने तोंडावर हात धरला, आणि तो फुटला. "फुकटातली! अरे चिकटोबा! बायकोलासुद्धा फुकटातली!" टेबल हादरायला लागलं. कुणीतरी गॉर्डीच्या चांगल्या खांद्यावर थाप मारली, कुणी त्याच्यासाठी आणखी एक ब्रँडी मागवली. गॉर्डीसुद्धा हसायला लागला, आधी कसनुसा, मग मनापासून, कारण आता ती त्याचीच गोष्ट झाली होती, आणि आधीच्या गोष्टीपेक्षा चांगली होती. पुढच्या शुक्रवारी तो ती स्वतः सांगणार हे कोलेटला स्पष्ट दिसलं. तिने माशाचा तुकडा तोंडात घातला. चव लागत नव्हती. समोरच्या माणसांकडे ती बघत राहिली. यांतलं कुणीही वाईट नव्हतं.

बाहेर गाडीत बसल्यावर गॉर्डी खुशीत होता. "मजा आली," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी माझा खांदा बरा होईल. दोघं जाऊ या. बाजूबाजूच्या झाडांवर मचाण बांधू."

हे वाक्य ऐकायला ती एकदा उन्हाळाभर गवताच्या भाऱ्यावर बाण मारत होती.

"नको," ती म्हणाली.

"नको काय?"

"मी एकटी जाईन. तू वेगळ्या शनिवारी जा."

तो हसला, मग तिच्याकडे बघून थांबला. "त्या जुन्या पात्यांवरून अजून? अगं, मी काय मुद्दाम केलं होतं का?"

"नाही ना," कोलेट म्हणाली. "तेच."

त्याला कळलं नाही. त्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला आणि दुखून तोंड वाकडं केलं. मग डाव्या हाताने तो मागे पट्टा शोधू लागला. खांदा गेल्यापासून गाडीचा पट्टा त्याला ओढून घेता येत नसे. रोज कोलेटच त्याच्या अंगावरून वाकून लावून द्यायची. आज ती वाकली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर, खानावळीच्या भिंतीकडे बघत राहिली. शेजारी तो धडपडत होता. पट्टा निम्मा यायचा, हातातून निसटून सर्रकन मागे जायचा. तो एकदा कण्हला. तिने स्वतःच्या आत पाहिलं, दया कुठे आहे म्हणून. तिथे ती नव्हती, आणि तिची वाट बघावीशीही वाटली नाही.

"अगं, जरा," तो म्हणाला.

"लाव तू," ती म्हणाली. "मला घाई नाही."